गिअर, बेअरिंग आणि उणे १९६ अंश: अतिशीत प्रक्रियेत पोलादाचे नेमके काय होते?

वाहनाचे गिअर, बेअरिंग, क्रँकशाफ्ट, स्प्रिंग, ब्रेक डिस्क असे धातूचे भाग उणे १९० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत दिवसभर ठेवायचे, मग सावकाश नेहमीच्या तापमानाला आणायचे आणि शेवटी थोडे तापवून निवू द्यायचे, एवढ्याने त्यांचे आयुष्य वाढते, असे क्रायोजेनिक ट्रीटमेंट करून देणारे सांगतात. हे सहजासहजी पटत नाही, कारण भागावर कोणताही थर चढत नाही, त्याचा रंग बदलत नाही आणि हातात घेतल्यावर आधीच्या व नंतरच्या भागात काही फरक जाणवत नाही. तरीही या प्रक्रियेत तथ्य आहे आणि त्यामागचे धातुशास्त्र भक्कम आहे. अडचण एवढीच आहे की ते तथ्य सगळ्या धातूंना आणि सगळ्या भागांना सारखे लागू पडत नाही. माझ्या मते या विषयातला बहुतेक गोंधळ दोन प्रश्न न विचारल्यामुळे होतो: भाग कोणत्या धातूचा आहे, आणि त्याच्या हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे तापवून आणि गार करून कडक करण्याच्या प्रक्रियेच्या, कोणत्या टप्प्यावर त्याला ही थंडी दिली गेली. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की थंडीचा उपयोग होईल की नाही, याचा बराचसा अंदाज आधीच बांधता येतो.

सुरुवातीला एक गल्लत दूर करायला हवी. इंजिन बांधणीत द्रवरूप नायट्रोजन आणखी एका कामासाठी वापरतात. सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ते कडे, घट्ट बसवायची असेल, तर ती आधी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार करतात. खोलीच्या तापमानापासून उणे १९६ अंशांपर्यंत, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, पोलाद लांबीच्या साधारण ०.२ टक्के आकसते, म्हणजे ५० मिलिमीटर व्यासाची सीट सुमारे ०.१ मिलिमीटरने लहान होते, खाचेत सहज शिरते आणि पुन्हा गरम होताना आपोआप घट्ट बसते. या कामात धातूचा स्वभाव बदलणे अपेक्षित नसते, केवळ काही मिनिटांसाठी त्याचा आकार हवा असतो. क्रायोजेनिक ट्रीटमेंटमध्ये याच्या उलट असते. तिथे तात्पुरत्या आकसण्याला महत्त्व नसून, भाग पुन्हा नेहमीच्या तापमानाला आल्यावरही टिकून राहील असा बदल धातूच्या अंतर्रचनेत घडवायचा असतो.

हा बदल समजण्यासाठी पोलाद कडक कसे होते, हे पाहावे लागते. पोलाद म्हणजे मुख्यतः लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. लोखंडाचे अणू ठरावीक पद्धतीने रचलेले असतात, पण ही रचना तापमानाबरोबर बदलते. नेहमीच्या तापमानाला अणू एका काल्पनिक घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि त्याच्या केंद्रात असतात. लोखंड पुरेसे तापवले की ते कोपऱ्यांवर आणि घनाच्या सहाही पृष्ठांच्या मध्यभागी असे मांडले जातात. या दुसऱ्या रचनेतील पोलादाला ऑस्टेनाइट म्हणतात. ऑस्टेनाइटमध्ये कार्बन मुबलक विरघळतो, अनुकूल तापमानाला वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत. पहिल्या रचनेत मात्र त्याला जवळपास जागाच नसते आणि मर्यादा ०.०२ टक्क्यांच्या आसपास संपते. तापलेले पोलाद सावकाश निवू दिले, तर कार्बनला बाहेर पडून लोखंडाबरोबर संयुग करायला, म्हणजे कार्बाइड बनवायला, वेळ मिळतो आणि तुलनेने मऊ पोलाद तयार होते. तेच पोलाद तेलात किंवा पाण्यात झटकन गार केले, ज्याला कारागीर पोलादाला पाणी देणे म्हणतात, तर कार्बनला हलायला वेळच मिळत नाही. लोखंडाची रचना बदलू पाहते, पण मध्ये अडकलेला कार्बन तिला पूर्ण बदलू देत नाही, आणि घन एका दिशेने ताणला जातो. या ताणलेल्या रचनेचे नाव मार्टेन्साइट. पोलादाचा कठीणपणा बहुतांशी याच ताणातून येतो.

मार्टेन्साइट होण्याची पद्धत विशेष आहे, आणि थंडीचा सगळा मुद्दा तिच्याशी जोडलेला आहे. पदार्थांमधील बरेच बदल अणूंनी एकेकट्याने इकडून तिकडे सरकून होतात; त्यांना वेळ आणि उष्णता दोन्ही लागतात. मार्टेन्साइट तसे होत नाही. कवायतीत हुकूम येताच रांगेतल्या सगळ्यांनी एकाच वेळी एक पाऊल बाजूला सरकावे, तसे अणूंचे थरच्या थर शेजाऱ्यांची साथ न सोडता एकदम सरकतात. त्यामुळे हा बदल अतिशय वेगाने होऊ शकतो, आणि तो किती होईल हे किती वेळ थांबलो यापेक्षा तापमान किती खाली नेले यावर अवलंबून असते. एका विशिष्ट तापमानाला तो सुरू होतो, तापमान उतरत जाईल तसा पुढे सरकतो, आणि त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला पूर्णत्वाच्या जवळ पोहोचतो.

ही सुरुवातीची आणि शेवटची तापमाने पोलादातील कार्बन वाढेल तशी खाली सरकतात. निकेल, मँगेनीज, क्रोमियम हे घटकही त्यांना खाली ढकलतात. कार्बन ०.३ किंवा ०.४ टक्के असलेल्या पोलादात हा बदल खोलीच्या तापमानापर्यंत येता येता जवळपास संपलेला असतो. कार्बन साधारण ०.६ ते ०.७ टक्क्यांच्या पुढे गेला, की बदल पूर्ण होण्याचे तापमान शून्याच्याही खाली जाते. याचा अर्थ असा, की तेलात गार करून खोलीत आणून ठेवलेल्या अशा पोलादात बदल अर्ध्या वाटेवर थांबलेला असतो आणि कठीण मार्टेन्साइटच्या मधूनमधून मऊ ऑस्टेनाइट शिल्लक राहतो. धातुशास्त्रात याला उर्वरित ऑस्टेनाइट म्हणतात.

तो किती उरतो, याचा अंदाज देणारे एक सोपे सूत्र कॉइस्टिनेन आणि मारबर्गर या धातुशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडले. ज्या पोलादात बदल २०० अंशांना सुरू होतो असे धरले, त्यासाठी हे सूत्र वापरून पाहिल्यास २० अंशांपर्यंत गार केल्यावर सुमारे १४ टक्के ऑस्टेनाइट उरतो. उणे ८० अंशांपर्यंत नेल्यास तो ५ टक्क्यांच्या थोडा खाली येतो, आणि उणे १९६ अंशांना जेमतेम १ टक्क्याच्या आसपास राहतो. प्रत्यक्ष पोलाद सूत्राइतके आज्ञाधारक नसते, पण या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते आणि ती जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही: उर्वरित ऑस्टेनाइट घालवण्याचे बहुतेक काम उणे ८० अंशांपर्यंतच उरकलेले असते. ही थंडी कोरड्या बर्फाने, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइडने, मिळू शकते, कारण त्याचे तापमान उणे ७८.५ अंश असते. म्हणूनच व्यवसायात शून्याखालची साधी थंडी आणि द्रवरूप नायट्रोजनची अतिशीत थंडी या दोन वेगळ्या प्रक्रिया मानल्या जातात. दुसरी प्रक्रिया पहिलीपेक्षा नेमके काय जास्त देते, हा प्रश्न पुढे येईलच.

उर्वरित ऑस्टेनाइटचा त्रास तीन प्रकारचा असतो. तो मऊ असल्यामुळे घासला गेल्यावर लवकर झिजतो. तो अस्थिर असल्यामुळे महिन्यांनी किंवा वर्षांनी, दाबाखाली किंवा कडाक्याच्या थंडीत, आपणहून मार्टेन्साइटमध्ये बदलू शकतो. आणि या बदलात बदललेल्या तेवढ्या ऑस्टेनाइटचे आकारमान साधारण ४ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे मायक्रॉनमध्ये मोजून घडवलेल्या बेअरिंगच्या कड्याचा किंवा मापनासाठी वापरल्या जाणाऱ्या गेज ब्लॉकचा आकार बिघडतो. तिसरी गोष्ट म्हणजे असा उशिरा जन्मलेला मार्टेन्साइट टेम्परिंग (पाणी दिल्यावर पुन्हा बेताचे तापवून ठिसूळपणा कमी करणे) न झालेला, म्हणून ठिसूळ असतो. भाग वापरात असताना असे ठिसूळ कण आत तयार होणे कोणत्याही अभियंत्याला नको असते. त्यापेक्षा तो बदल कारखान्यातच थंडीने घडवून आणावा आणि नंतर टेम्परिंग करून त्याचा ठिसूळपणा कमी करावा, हा शून्याखालील थंडी देण्यामागचा मूळ विचार आहे. मला तो या संपूर्ण विषयातला सर्वांत निर्विवाद भाग वाटतो.

द्रवरूप नायट्रोजनइतकी थंडी मिळवणे पूर्वी शक्य नव्हते. पोलंडमधील क्रॅकोव्ह येथे व्रूब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी १८८३ मध्ये ऑक्सिजन आणि नायट्रोजन द्रवरूपात मिळवून दाखवले, आणि जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये हवा द्रवरूप करण्याची औद्योगिक पद्धत उभी केली. त्यानंतर ही थंडी कारखान्यांच्या आवाक्यात आली. १९३० च्या दशकात सोव्हिएत धातुशास्त्रज्ञांनी कटाईच्या हत्यारांच्या पोलादाला शून्याखाली नेण्याचे प्रयोग केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानापर्यंत जाणाऱ्या व्यावसायिक सेवा सुरू झाल्या. सुरुवातीला भाग थेट द्रवात बुडवले जात, आणि तडे जाण्याचा अनुभव वारंवार येई, कारण पृष्ठभाग आकसून घेत असताना गाभा अजून गरमच असे. पुढे थंडीचा वेग संगणकाने नियंत्रित करणारे कक्ष आले आणि ही अडचण बरीच दूर झाली.

आता अतिशीत थंडीच्या अधिकच्या फायद्याकडे वळू. लुइझियाना टेक विद्यापीठातील रँडल बॅरन यांनी वेगवेगळ्या प्रकारची पोलादे उणे ८४ अंश आणि उणे १९६ अंश अशा दोन पातळ्यांवर गार करून त्यांची झीज मोजली आणि त्याचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. हत्यारांसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक पोलादांत दुसऱ्या पातळीने पहिलीपेक्षा अधिक फायदा झाला. उर्वरित ऑस्टेनाइट दोन्ही ठिकाणी बराचसा गेलेला असताना हा फरक का पडावा, हा खरा कुतूहलाचा प्रश्न होता. १९९० च्या दशकात जपानमधील संशोधकांनी क्रोमियमयुक्त हत्यारी पोलादात अतिशीत थंडी आणि त्यानंतरचे टेम्परिंग यांमुळे अत्यंत बारीक कार्बाइड कण दाट विखुरलेले दिसल्याचे नोंदवले. असे कण झीज रोखतात, कारण घासणारा पदार्थ मऊ भागात खोल रुतण्याआधी त्याला जागोजागी कठीण अडथळा भेटतो.

इथे एक समजूत दुरुस्त करणे मला फार आवश्यक वाटते. हे कार्बाइड थंडीत तयार होतात, असे सर्रास सांगितले जाते. उणे १९६ अंशांना कार्बनचा अणू लोखंडातून जवळजवळ हलूच शकत नाही. संयुग बनवण्यासाठी त्याला जो प्रवास करावा लागतो, तो त्या तापमानात शक्य नसतो. थंडी फार तर तयारी करते: आकसल्यामुळे आणि नव्या मार्टेन्साइटमुळे रचनेत ताण आणि सूक्ष्म दोष वाढतात, आणि पुढे टेम्परिंगच्या वेळी १५० ते २०० अंशांना कार्बन हलू लागला की त्याला कार्बाइडची सुरुवात करायला जास्त ठिकाणे सापडतात. त्यामुळे कण जास्त संख्येने आणि बारीक तयार होतात. थंडी दिल्यानंतरचे टेम्परिंग हा प्रक्रियेचा दुय्यम भाग नसून निम्मा भाग आहे, हे यावरून लक्षात येते. ते टाळणारा कोणी असेल, तर त्याच्या हातून भाग अधिक ठिसूळ होऊनच परत मिळण्याची शक्यता असते.

वेळेचा मुद्दाही असाच नाजूक आहे. मार्टेन्साइट होणे केवळ तापमानावर अवलंबून असते, हे वर सांगितलेले विधान बहुतांश खरे असले तरी पूर्ण खरे नाही. कुर्दयुमोव्ह आणि माक्सिमोवा या सोव्हिएत धातुशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की काही पोलादे झपाट्याने द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला नेली, तर बदल तिथे जवळपास गोठतो, आणि पुन्हा सावकाश गरम करताना मधल्या तापमानांत तो घडतो. म्हणजे या बदलालाही थोडीशी उष्णतेची साथ लागते आणि तो काही प्रमाणात वेळेनुसारही पुढे सरकतो. थंड करण्याचा आणि पुन्हा गरम करण्याचा वेग का महत्त्वाचा, याचे एक कारण तडे टाळणे हे आहे आणि दुसरे कारण हे आहे. जितके जास्त थंड तितके चांगले, हा सरधोपट समज या प्रयोगानंतर टिकत नाही.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. भाग उष्णतारोधक कक्षात ठेवतात. कक्षात द्रवरूप नायट्रोजन बारीक फवाऱ्याने सोडतात. त्याचे लगेच वायूत रूपांतर होते आणि पंखा तो वायू सगळीकडे फिरवतो, त्यामुळे द्रव भागाला सहसा स्पर्श करत नाही. तापमान मिनिटाला साधारण एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेगाने उतरवतात. उणे १८५ ते उणे १९५ अंशांना भाग बरेच तास, अनेकदा २४ तास किंवा त्याहून जास्त, ठेवला जातो. मग तितक्याच संयमाने तो खोलीच्या तापमानाला आणतात आणि टेम्परिंग एकदा किंवा दोनदा करतात. जाड भागाला पातळ भागापेक्षा अधिक वेळ लागतो, कारण गाभा आणि पृष्ठभाग यांच्या तापमानातला फरक कधीही फार वाढता कामा नये. हे काम घरी करून पाहण्याचे नाही. १ लिटर द्रवरूप नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तो रंगहीन व गंधहीन असतो, आणि बंद खोलीत ऑक्सिजनची जागा त्याने घेतली तर माणूस काही जाणवण्याआधीच बेशुद्ध होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे थंडी कधी दिली याचे, महत्त्व आता सांगता येईल. पोलादाला पाणी दिल्यावर ते खोलीच्या तापमानाला पडून राहिले, की उरलेला ऑस्टेनाइट हळूहळू स्थिर होत जातो आणि नंतर थंडी दिली तरी तितक्या सहजतेने बदलत नाही. टेम्परिंग झाल्यावर तो आणखी हट्टी होतो. त्यामुळे हीट ट्रीटमेंट करणारा कारखाना थंडीची पायरी पाणी दिल्यानंतर लवकरात लवकर आणि टेम्परिंगच्या आधी ठेवतो. तडे जाण्याचा धोका असलेल्या किचकट आकाराच्या भागांना मात्र आधी हलके टेम्परिंग देऊन मग थंडीत नेतात, आणि थोडा फायदा जाणीवपूर्वक सोडून देतात. आता दुकानातून आणलेला तयार गिअर विचारात घ्या. त्याला पाणी देऊन, टेम्परिंग करून, घासून, खोक्यात बंद करून कित्येक महिने झालेले असतात. त्याला आता अतिशीत थंडी दिली, तर काही बदल होऊ शकतो, पण कारखान्यात योग्य क्षणी मिळाला असता तेवढा फायदा मिळेल अशी अपेक्षा ठेवणे धातुशास्त्राला धरून नाही. वाहनमालकांना विकल्या जाणाऱ्या बहुतेक सेवा याच उशिराच्या टप्प्यावरच्या असतात, ही गोष्ट मला या विषयात सर्वांत जास्त खटकते.

धातूच्या प्रश्नाकडे येताना टेम्परिंगचे तापमान ही मोठी खूण ठरते. साध्या आणि कमी मिश्रधातूच्या पोलादात उर्वरित ऑस्टेनाइट २०० ते ३०० अंशांदरम्यान आपोआप विघटित होतो. त्यामुळे जो भाग त्याहून जास्त तापमानाला टेम्पर केलेला आहे, त्यात थंडीने बदलायला ऑस्टेनाइट जवळपास उरलेलाच नसतो. पोलादी क्रँकशाफ्टमध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के असतो आणि टेम्परिंग पुष्कळदा ५०० अंशांच्या वर केलेले असते; व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचे टेम्परिंगही ३०० अंशांच्या बरेच वर होते. अशा भागांत उर्वरित ऑस्टेनाइट घालवण्याचा युक्तिवाद लागू होत नाही, आणि बॅरन यांच्या चाचण्यांतही साध्या कार्बन पोलादात आणि ओतीव लोखंडात, म्हणजे बिडात, सुधारणा आढळली नव्हती. हत्यारांची पोलादे याला अपवाद असतात, कारण त्यांतील मिश्रघटक ऑस्टेनाइटला बऱ्याच उच्च तापमानापर्यंत टिकवून धरतात. पण वाहनाच्या इंजिनात अशी पोलादे थोडीच वापरली जातात.

या कसोटीवर खरे उमेदवार म्हणून दोन भाग पुढे येतात: गिअर आणि बेअरिंग. बेअरिंगच्या प्रचलित पोलादात सुमारे १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियम असते, आणि टेम्परिंग २०० अंशांच्या खाली होते. गिअर सहसा कमी कार्बनच्या पोलादाचे बनवून त्यांच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात, ज्यामुळे वरच्या मिलिमीटरभर थरात तो ०.८ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि त्यांचेही टेम्परिंग १५० ते २०० अंशांना असते. अशा थरात १५ ते ३० टक्के उर्वरित ऑस्टेनाइट असणे नवलाचे नाही. अतिशीत थंडी भागाच्या आरपार परिणाम करते, असे कोणी सांगितले तर तेही गिअरच्या बाबतीत जपून घ्यावे, कारण त्याच्या गाभ्यात कार्बन कमी असतो आणि बदलण्याजोगे जे काही असते ते कार्बन मुरवलेल्या थरातच असते. विमानांच्या आणि शर्यतीच्या गाड्यांच्या गिअरना शून्याखालील थंडी देण्याची पद्धत रूढ आहे, आणि तिचा मुख्य हेतू पृष्ठभागाचा कठीणपणा व मापाची स्थिरता हा असतो.

पण इथेच विषय खऱ्या अर्थाने गुंतागुंतीचा होतो, कारण उर्वरित ऑस्टेनाइट नेहमीच शत्रू नसतो. गिअरच्या दातांवर वारंवार दाब येतो तेव्हा पृष्ठभागातला थोडा ऑस्टेनाइट जागच्या जागी मार्टेन्साइट होतो, फुगतो, आणि आजूबाजूच्या धातूला दाबून धरतो. दाबलेल्या धातूत तडा सहज पसरत नाही. बेअरिंगमध्ये तेलाबरोबर वाळूचा किंवा धातूचा कण शिरला की तो रोलिंग पृष्ठभागात खड्डा पाडतो; खड्ड्याच्या कडेला ताण साठतो आणि तिथून पापुद्रे निघू लागतात. थोडा मऊ ऑस्टेनाइट असेल तर ती कड बोथट होते आणि बेअरिंग जास्त टिकते. म्हणून काही बेअरिंग जाणूनबुजून जास्त उर्वरित ऑस्टेनाइट ठेवून बनवली जातात. अशा बेअरिंगला अतिशीत थंडी देणे म्हणजे निर्मात्याने विचारपूर्वक ठेवलेली गोष्ट काढून टाकणे होय. घासून होणारी झीज आणि वारंवार दाबाने येणारा थकवा हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला अपायकारक ठरू शकतो. कोणता भाग कशाने निकामी होतो, हे माहीत नसताना त्याला थंडी देणे मला योग्य वाटत नाही.

ब्रेक डिस्कबद्दल सर्वाधिक दावे ऐकू येतात, आणि तिथे आधार सर्वांत कमकुवत आहे. बहुतेक डिस्क करड्या बिडाच्या असतात. ओतल्यानंतर त्या सावकाश निवतात, त्यामुळे त्यांत मार्टेन्साइट नसतो आणि उर्वरित ऑस्टेनाइटही नसतो. थंडीने जे बदलायचे ते मुळात तिथे नाही. प्रयोगशाळेत बिडाचे नमुने घासून केलेल्या काही चाचण्यांत झीज कमी झाल्याचे आढळले आहे, पण कठीणपणात आणि सूक्ष्मरचनेत लक्षणीय फरक न दिसता. कारण स्पष्ट नसलेला परिणाम फेटाळू नये हे खरे, तरी त्यावर सरसकट आश्वासनही उभारू नये. शिवाय जोरदार ब्रेक लावताना डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते. ब्रेक लावल्यावर पेडल थरथरते तेव्हा डिस्क वाकली असे म्हणतात, पण अनेकदा त्याचे कारण पॅडचा पदार्थ डिस्कवर असमान चिकटणे किंवा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहणे हे असते, आणि त्यावर थंडीचा उपाय नाही.

ॲल्युमिनियमचे पिस्टन आणि सिलिंडर हेड यांच्याबाबत ताण काढून टाकल्याचा दावा केला जातो. ॲल्युमिनियममध्ये मार्टेन्साइटसारखा बदल होत नाही. धातूत अडकलेला ताण सुटण्यासाठी धातूला कुठेतरी किंचित वाहावे किंवा वाकावे लागते, आणि उणे १९६ अंशांना तो आणखी ताठर होतो. थंडीने ॲल्युमिनियमचा ताण कमी करण्याची एक खरी पद्धत आहे: भाग द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार करून त्यावर एकदम वाफेचा झोत सोडतात, म्हणजे पृष्ठभाग आणि गाभा यांच्या तापमानात मोठा फरक पडून आधीच्या ताणाच्या उलट ताण तयार होतो. या पद्धतीत काम करते ती झटक्याची उष्णता. क्रायोजेनिक ट्रीटमेंटचा सावकाशपणा याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे, त्यामुळे एकीचे श्रेय दुसरीला देता येत नाही.

थंडी लागू पडली की नाही, हे कळायचे कसे? कठीणपणा मोजून सहसा फार कळत नाही, कारण वाढ झाली तरी रॉकवेल मापनात ती बहुधा एक-दोन अंकांची असते आणि ती मापनातल्या चुकीतही लपून जाऊ शकते. उर्वरित ऑस्टेनाइट मोजण्याची खात्रीची पद्धत क्ष-किरण विवर्तनाची आहे, आणि तिच्यासाठी एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे ई ९७५ हे प्रमाणित मानकही उपलब्ध आहे. सेवा देणाऱ्याकडे प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे असे दोन आकडे मागणे हा ग्राहकाचा रास्त हक्क आहे. त्याबरोबर थंडीचा वेग, सर्वांत खालचे तापमान, तिथे ठेवलेला वेळ आणि नंतरच्या टेम्परिंगचे तापमान यांची नोंदही मागावी. टेम्परिंगचे तापमान भागाच्या मूळ टेम्परिंगपेक्षा जास्त असेल, तर कारखान्याने दिलेला कठीणपणाच कमी होईल, म्हणून भागाचे पोलाद आणि त्याची मूळ हीट ट्रीटमेंट माहीत नसणाऱ्याच्या हाती तो सोपवू नये. गिअर किंवा बेअरिंग नव्याने बनवून घेत असाल, तर थंडीची पायरी पाणी दिल्यानंतर आणि टेम्परिंगच्या आधीच मागून घ्यावी, आणि जे भाग मळलेल्या तेलात फिरणार आहेत त्यांच्या बाबतीत ती मुळात हवी आहे का, हे बनवणाऱ्याला आधी विचारावे.